बार्बाडोस: एकच किनारा, अख्खा दिवस

बार्बाडोस उणंपुरं 34 किलोमीटर लांब आणि 23 किलोमीटर रुंद. भाड्याची गाडी घेतली की एका दिवसात बेट पालथं घालता येतं, आणि तिथंच सगळा घोटाळा होतो. आपली पॉइंट बघायची सवय काही सुटत नाही. सकाळी एक बीच, जेवणाआधी दुसरा, सूर्यास्ताला तिसरा. संध्याकाळी हॉटेलवर परतल्यावर हिशेब काढला तर गाडीत साडेचार तास गेलेले आणि पाण्यात जेमतेम वीस मिनिटं. फोटो मात्र ढीगभर.

हा लेख त्याच्या उलट बेताचा आहे. एक किनारा निवडायचा, सकाळी लवकर जायचं, दुपारी सावलीत पडून राहायचं आणि अंधार पडला की उठायचं. यात आळस वाटला तरी थोडी आखणी लागतेच. किनारा चुकला तर लाटा झोडपतात, वेळ चुकली तर ऊन भाजतं आणि झाड चुकलं तर दवाखाना गाठावा लागतो. त्या झाडाचं पुढं येईलच.

किनारा कोणता

आधी वारा समजून घ्या. भूगोलाच्या पुस्तकातले व्यापारी वारे इथं प्रत्यक्ष अंगावर येतात. वर्षातले बहुतेक दिवस ते पूर्वेकडून, ईशान्येकडून वाहतात. कॅरिबियन बेटांत बार्बाडोस सगळ्यांत पूर्वेला आहे. त्याच्या पलीकडे आफ्रिकेपर्यंत नुसता अटलांटिक, त्यामुळे पूर्व किनाऱ्यावर लाटा जोरात येऊन आदळतात. बाथशेबाचे समुद्रात उभे असलेले प्रचंड खडक बघायला जरूर जा. तिथल्या सूप बोल नावाच्या जागी सर्फिंग करणारे जगभरातून येतात. पण पोहायला तिथं उतरायचं नाही, कितीही चांगलं पोहता येत असलं तरी. आग्नेयेचा क्रेन बीच देखणा आहे. तिथंही लाट चांगलीच उसळते, आणि लहान मुलं किंवा आजी-आजोबा बरोबर असतील तर तो त्यांच्यासाठी नाही.

पश्चिमेला बेटाची पाठ वाऱ्याकडे असते, म्हणून तिकडचं पाणी शांत. पेन्स बे, मलिन्स ही नावं हॉटेलवाले सांगतीलच. दक्षिण किनारा मधला. रॉकली (याला अक्रा बीचही म्हणतात) आणि डोव्हर इथं थोड्या लाटा असतात, तरुण मंडळींना मजा येते.

माझं मत विचाराल तर पहिल्या दिवसासाठी कार्लाइल बे. राजधानी ब्रिजटाउनला लागूनच हा चंद्रकोरीसारखा उपसागर आहे. ब्राउन्स, बेशोर, पेबल्स ही त्याच्याच तुकड्यांची नावं. पांढरी वाळू, हळूहळू वाढत जाणारी खोली, हाकेच्या अंतरावर बस, खायला-प्यायला भरपूर. शिवाय पाण्याखाली बुडालेली जहाजं आहेत, त्यातली बर्विन ही फ्रेंच टग, म्हणजे मोठी जहाजं ओढणारी बोट, 1919 साली बुडालेली. ती इतक्या उथळ पाण्यात आहे की वर तरंगत राहून पाण्याखाली बघायच्या नुसत्या मास्कमधून दिसते. काही जण म्हणतील, शहराजवळचा बीच म्हणजे गर्दी. खरं आहे, पण ती गर्दी कधी येते ते आधीच कळतं. ब्रिजटाउन बंदरात क्रूझ लागली की दहा ते तीनच्या दरम्यान माणसांचे लोंढे इथं उतरतात. क्रूझचं वेळापत्रक इंटरनेटवर सहज सापडतं. जहाज नसलेला दिवस निवडा, तोच किनारा निम्मा रिकामा मिळतो.

बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. कितीही महागडं हॉटेल असलं तरी त्याच्या पुढ्यातल्या वाळूवरून तुम्हाला कुणी उठवू शकत नाही. खुर्च्या आणि हिरवळ त्यांची, वाळू सगळ्यांची.

कोकणातल्या माणसाला दोन गोष्टी नवीन वाटतील. एक म्हणजे भरती-ओहोटी. मुंबईत उधाणाच्या भरतीला पाणी चार-पाच मीटरनं वर-खाली होतं, म्हणून आपण वेळ बघूनच समुद्रावर जातो. इथं हा फरक साधारण मीटरभर, बहुतेक दिवस त्याहूनही कमी. सकाळी जिथं चटई टाकली तिथंच संध्याकाळपर्यंत राहता येतं. दुसरी गोष्ट पाण्याचा रंग. आपल्याकडे नद्या डोंगरावरचा गाळ समुद्रात आणून ओततात. बार्बाडोसचा बहुतेक भाग प्रवाळाच्या चुनखडीचा. पावसाचं पाणी वाहून जाण्याऐवजी दगडात मुरतं, मोठी नदी नाहीच. गाळ नाही, म्हणून पाणी नितळ. नळाचं पाणीही त्याच दगडातून गाळून येतं आणि थेट पिता येतं. बाटल्या विकत घ्यायची गरज नाही, घरून एक मोठी बाटली न्या.

कधी जायचं

डिसेंबर ते मे कोरडा मोसम. त्यातही डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत युरोप-अमेरिकेतले लोक थंडीला कंटाळून येतात, तेव्हा हॉटेलांचे भाव चढलेले असतात. एप्रिलचा शेवट आणि मे हा मला सगळ्यांत किफायतशीर काळ वाटतो.

चक्रीवादळांचा अधिकृत मोसम 1 जून ते 30 नोव्हेंबर. बार्बाडोस पूर्वेला असल्यामुळे पुष्कळ वादळं उत्तरेकडून निघून जातात, पण भरवसा नाही. हे मराठी माणसाला वेगळं सांगायला नको. 29 जून 2024 रोजी ब्रिजटाउनच्या केन्सिंग्टन ओव्हलवर रोहित शर्माच्या संघानं दक्षिण आफ्रिकेला 7 धावांनी हरवून टी-ट्वेन्टी विश्वचषक जिंकला, आणि लगेच बेरिल वादळानं विमानतळ बंद पडून अख्खा संघ बेटावर अडकला. 4 जुलैला ते मायदेशी पोहोचले, मग मरीन ड्राइव्हवर काय झालं ते आपण पाहिलंच. जून ते नोव्हेंबरमध्ये जात असाल तर परतीच्या तिकिटाची तारीख बदलता येईल असं बघा आणि विमा काढा.

आणखी एक पाहुणी म्हणजे सारगॅसम. हे तपकिरी रंगाचं समुद्री शेवाळ 2011पासून मोठ्या प्रमाणात वाहत येऊ लागलंय. वसंतापासून उन्हाळ्याच्या अखेरपर्यंत त्याचा जोर. किनाऱ्यावर कुजलं की सडक्या अंड्यांचा वास सुटतो. पूर्व आणि आग्नेय किनारा त्याच्या तोंडावर येतो, पश्चिम किनारा बराचसा सुटतो. कार्लाइल बे निवडायला हे आणखी एक कारण.

आदल्या रात्रीची पिशवी

कपड्यांपासून सुरुवात करू. लष्करी छापाचा कोणताही कपडा बार्बाडोसमध्ये कायद्यानं बंद आहे, टोपी, बॅग, लहान मुलाची चड्डीसुद्धा. तो छाप फक्त तिथल्या संरक्षण दलासाठी राखीव. आपल्याकडे मुलांच्या कपड्यांत तो हमखास असतो, तेव्हा बॅग भरतानाच बाजूला काढा.

पाण्यात उतरायला सुती कुर्ता, जीन्स, सलवार नको. भिजलं की जड होतं आणि पायात गुंततं. पूर्ण बाह्यांचा लायक्राचा टी-शर्ट आणि गुडघ्यापर्यंतची किंवा घोट्यापर्यंतची लेगिंग हा आपल्या बायकांना, आणि खरं तर पुरुषांनाही, उत्तम पोशाख. अंग झाकलं जातं आणि सनस्क्रीन निम्मं लागतं. समुद्रावर काहीही घाला, पण दुकानात किंवा बसमध्ये जाताना वरून शर्ट हवा. ओल्या पोहण्याच्या कपड्यांत शहरात फिरणं तिथं असभ्य समजतात.

सनस्क्रीनची गोष्ट गंभीर आहे. 'आपण सावळे, आपल्याला काय होतंय' असं म्हणू नका. बार्बाडोस साधारण चेन्नईच्या अक्षांशावर आहे. एप्रिलच्या अखेरीस आणि ऑगस्टच्या मध्याला दुपारी बारा वाजता सूर्य बरोब्बर डोक्यावर असतो. वारा सतत वाहत असल्यामुळे चटका जाणवत नाही, रात्री पाठ पलंगाला टेकवत नाही तेव्हा कळतं. झिंक ऑक्साइडचं, किमान एसपीएफ 30चं घ्या. पांढरा थर दिसतो, दिसू दे. प्रवाळालाही ते कमी त्रासदायक. पाण्यात उतरण्याआधी पंधरा-वीस मिनिटं लावायचं आणि दर दोन तासांनी पुन्हा. पावलांचा वरचा भाग, कानांच्या पाळ्या आणि टक्कल या तीन जागा नेहमी राहून जातात.

बाकी सामान थोडंच: स्वतःचा मास्क-स्नॉर्केल (श्वास घ्यायची नळी) असेल तर तो, पातळ चटई, टॉवेल, फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी, डासांचं मलम, कोरडे कपडे. पासपोर्ट हॉटेलच्या तिजोरीत, बरोबर नुसता फोटो. सोनं घालून पाण्यात उतरू नका. गार पाण्यात बोटं आकसतात आणि अंगठी कधी निसटली ते कळत नाही.

पैसे रोख न्या. बेजन डॉलर म्हणजे बार्बाडोसचा डॉलर, आणि दोन बेजन डॉलर बरोबर एक अमेरिकन डॉलर हा दर 1975पासून ठरलेला आहे. रुपयांत काढायचं तर अमेरिकन डॉलरचा भाव निम्मा करा. दोन्ही नोटा चालतात, सुटे मात्र बेजन मिळतात. किनाऱ्यावर खुर्ची, छत्री, बोट, काहीही ठरवताना एक प्रश्न आधी विचारा: "बेजन की यूएस?" हा प्रश्न न विचारता वीस डॉलरला हो म्हटलं तर चाळीस द्यावे लागायची तयारी ठेवा.

पोहोचायचं कसं

गाडी डावीकडूनच चालते, त्यामुळे भाड्याची गाडी आपल्याला अवघड नाही. तरी या दिवसासाठी मी बसच सांगेन. तीन प्रकार आहेत: सरकारी निळी बस, खासगी पिवळी मिनीबस आणि पांढरी, किरमिजी पट्ट्याची व्हॅन, जिला सगळे 'झेड-आर' म्हणतात. भाडं सध्या कुठूनही कुठेही 3.50 बेजन डॉलर. सरकारी बसमध्ये सुटे परत मिळत नाहीत, नेमके पैसे लागतात. झेड-आरमध्ये सुटे मिळतात, कानठळ्या बसवणारं संगीत फुकट, आणि गाडी भरली असं कंडक्टर कधीच म्हणत नाही. लोकलनं प्रवास केलेल्याला त्यात विशेष वाटू नये.

थांब्यावरच्या पाट्या सोप्या. 'टू सिटी' म्हणजे ब्रिजटाउनच्या दिशेनं, 'आउट ऑफ सिटी' म्हणजे शहराबाहेर. हेस्टिंग्ज, वर्दिंग किंवा सेंट लॉरेन्स गॅपला राहत असाल तर 'टू सिटी'च्या थांब्यावर उभं राहा आणि चढताना ब्राउन्स बीचला उतरायचंय म्हणून सांगून ठेवा. टॅक्सीला मीटर नसतो. बसण्याआधी भाडं ठरवा आणि इथंही डॉलर कोणता ते विचारा.

एक शिष्टाचार मात्र पाळाच. बसमध्ये चढताना, दुकानात शिरताना, कुणाला रस्ता विचारताना आधी 'गुड मॉर्निंग' म्हणायचं, मग काम. आपण थेट "हे केवढ्याला?" म्हणून सुरू करतो, तिथं ते उद्धट वाटतं. त्या दोन शब्दांनंतर समोरच्या माणसाचा सूरच बदलतो, आणि खुर्चीचा दरसुद्धा कधीकधी.

सकाळ: दिवसाचा खरा भाग

सात वाजता वाळूवर असायला हवं. आपल्याकडे समुद्र म्हणजे संध्याकाळ. ऑफिस सुटल्यावर, ऊन उतरल्यावर, भेळ खात. इथं तो क्रम उलटा करा. सकाळी वारा मंद असतो, पाणी सपाट असतं आणि क्रूझवाले अजून नाश्ता करत असतात. त्याहीआधी, उजाडताना आलात तर पेबल्स बीचच्या बाजूला घोडे दिसतील. जवळच गॅरिसन सवाना नावाचं रेसकोर्स आहे. तिथले शर्यतीचे घोडे पहाटे समुद्रात अंघोळीला आणतात. मोतद्दार गळ्यापर्यंत पाण्यात आणि घोडा नाकपुड्या फेंदारून शेजारी पोहतोय, हे बघायला तिकीट नाही. ते गॅरिसन आणि जुनं ब्रिजटाउन मिळून 2011पासून युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत आहेत, पण तो दिवस वेगळा काढा.

पाण्यात उतरण्याआधी जीवरक्षकाचा मनोरा आणि झेंडा बघा. लाल झेंडा असेल तर उतरायचं नाही, यात चर्चा नको. लाल-पिवळा झेंडा म्हणजे तिथं जीवरक्षक हजर आहे.

पोहता न येणाऱ्यांसाठी, म्हणजे आपल्यापैकी निम्म्यांसाठी, छातीइतक्या पाण्यात उभं राहणं हाच मुख्य कार्यक्रम. पाण्याचं तापमान वर्षभर 26 ते 29 अंश सेल्सिअस, कुडकुडायचा प्रश्न नाही. मास्क लावून बघायचा असेल तर आधी कमरेइतक्या पाण्यात वाका, तोंड बुडवा आणि फक्त तोंडानं श्वास घ्यायची सवय करा. पाच मिनिटं घाबरायला होतं, मग जमतं. काच धुरकट होऊ नये म्हणून आतून थुंकी चोळून खळबळायची. नाक मुरडू नका, सगळे तेच करतात. मिशीवाल्यांच्या मास्कमध्ये हमखास पाणी शिरतं, मिशीवर थोडं व्हॅसलीन चोपडलं की बसतो. चष्म्यावर मास्क बसत नाही. नंबर जास्त असेल तर नंबराचा मास्क भाड्यानं मिळतो का ते आदल्या दिवशी विचारा. लाइफ जॅकेट घालण्यात कमीपणा नाही. बोटवाल्याकडे मागून घ्या.

कासवं

बोटवाले 'टर्टल्स, टर्टल्स' म्हणत मागे लागतील. कार्लाइल बेमध्ये समुद्री गवताचे पट्टे आहेत आणि हिरवी कासवं तिथं चरायला येतात. सकाळी शांत पाण्यात बोटीशिवायही ती दिसू शकतात. पाण्यात थोडं पुढं गेलात की तळाशी हलणारी गोल सावली दिसते. कासव गवताचा घास घेतं, मान वर करतं, पुन्हा चरतं. मग काहीच घाई नसल्यासारखं वर येतं, एकदा फुस्स करून श्वास सोडतं आणि परत खाली. तुमच्याकडे त्याचं लक्षही नसतं, आणि तसंच राहायला हवं.

बोटीनं जायचंच असेल तर एक प्रश्न विचारा: "तुम्ही कासवांना खायला घालता का?" हो म्हणाला तर दुसरा बघा. काही बोटवाले मासळीचे तुकडे टाकून कासवं गोळा करतात. मोठं झालेलं हिरवं कासव मुळात गवतावर जगतं. माशाची चटक लागली की ते माणसांच्या आणि बोटींच्या पंख्यांच्या जवळ येऊ लागतं आणि बोटालाही तुकडा समजून चावतं. फोटो झकास येतात, पण कासवाचं त्यात भलं नाही. हात लावायचा नाही, वर येण्याच्या वाटेत आडवं यायचं नाही, पाठलाग तर मुळीच नाही.

मे ते ऑक्टोबरमध्ये हॉक्सबिल जातीच्या माद्या रात्री अंडी घालायला किनाऱ्यावर येतात. त्या दिसल्या तर टॉर्च आणि फ्लॅश बंद ठेवून लांब थांबा. वेस्ट इंडिज विद्यापीठाशी जोडलेला बार्बाडोस सी टर्टल प्रोजेक्ट त्यांची नोंद ठेवतो, हॉटेलच्या स्वागतकक्षाला सांगितलं तर तो निरोप तिकडे पोहोचवतील.

तळाशी खडकांच्या फटीत लांब काळ्या काट्यांचे सी अर्चिन नावाचे प्राणी असतात. खडकाळ भागात पाय टेकवू नका. वाळूत ते सहसा नसतात, तरी रबरी जोडे असले तर बरं.

सावली कुठली घ्यायची

दहाच्या सुमारास पाण्यातून बाहेर या आणि सावली शोधा. इथं थोडं डोकं वापरायचं. किनारा पश्चिमेला तोंड करून आहे, म्हणून सकाळी झाडाची सावली समुद्राकडे पडते आणि दुपारनंतर मागे, रस्त्याकडे सरकते. चटई झाडाच्या बुंध्याजवळ टाकली तर दर तासाला उठावं लागत नाही.

पण झाड कुठलं ते बघा. बार्बाडोसच्या किनाऱ्यांवर, विशेषतः पश्चिमेला, मँचिनील नावाचं झाड असतं. गर्द सावली, चकचकीत पानं, खाली लहान हिरव्या सफरचंदासारखी फळं पडलेली. फळाला गोड वास येतो, मुलं हात घालणारच. त्याचा चीक म्हणजे आपला बिब्बा समजा, किंबहुना त्याहून जहाल. कातडीवर पडला की फोड उठतात, डोळ्यात गेला तर काही काळ दिसेनासं होतं आणि फळ चावलं तर घसा सुजतो. पावसात त्याच्या खाली उभं राहिलं तरी पानांवरून गळणाऱ्या पाण्यानं अंग भाजतं. बहुतेक ठिकाणी खोडावर लाल रंगाचा पट्टा ओढलेला असतो किंवा पाटी असते. बहुतेक म्हणजे सगळीकडे नाही. मुलांना आल्याआल्याच सांगून ठेवा: खाली पडलेलं कुठलंही फळ उचलायचं नाही. चीक लागलाच तर चोळू नका, भरपूर पाण्यानं आणि साबणानं धुवा आणि डॉक्टर गाठा.

नारळाच्या झाडाखाली झोपू नये हे कोकण्याला सांगायला नको.

झाडाची खात्री नसेल तर सरळ छत्री आणि खुर्ची भाड्यानं घ्या. दिवसभराचा दर आधी ठरवा, 'दिवसभर' म्हणजे किती वाजेपर्यंत तेही विचारा.

जेवण

मासे खाणाऱ्यांची चैन आहे. किनाऱ्यावरच्या ठेल्यावर 'कटर' मागा. 'सॉल्ट ब्रेड' नावाचा गोल पाव मध्ये कापतात, त्यात तळलेला उडणाऱ्या माशाचा तुकडा, लेट्यूस, टोमॅटो, हवं तर चीजचा काप. वर पिवळी पेपर सॉस. तिचा पिवळा रंग बघून फसू नका, त्यात मोहरी आणि बोनेट मिरची असते. कोल्हापूरकरांनीसुद्धा आधी थेंबभर चाखून बघावी. माशाला आधी थाइम, कांदा, लिंबू, मिरचीचं हिरवं वाटण लावलेलं असतं, त्यामुळे चव आपल्या जिभेला परकी वाटत नाही. पाटीवर 'डॉल्फिन' लिहिलेलं दिसलं तर दचकू नका, ती माही-माही नावाची मासळी आहे. खऱ्या डॉल्फिनशी तिचा काही संबंध नाही.

शाकाहारी मंडळींना जरा विचारत जावं लागतं. 'राइस अँड पीज'मधले पीज बहुतेक वेळा तुरीचे दाणे असतात. म्हणजे आपला दाणे घातलेला भातच, पण त्यात खारवलेलं मांस टाकायची पद्धत आहे. 'कू-कू' ही मक्याच्या पिठाची भेंडी घालून केलेली मऊ उकड. ती शाकाहारी असते, तिच्यावरचा रस्सा माशाचा. मॅकरोनी पाय, म्हणजे चीज घालून भाजलेली मॅकरोनी, सगळीकडे मिळतो, त्यात अंडं आहे का ते विचारा. तळलेली पिकी केळी आणि भाजलेला ब्रेडफ्रूट बिनधास्त खा. ब्रेडफ्रूट म्हणजे आपला नीरफणस, त्याची कापं करणाऱ्या सिंधुदुर्गातल्या माणसाला तो लगेच ओळखू येईल. फिशकेक नावावरूनच कळतो. ट्रिनिडादकडून आलेली रोटी, म्हणजे पातळ पोळीत गुंडाळलेली रसभाजी, बटाट्याचीही मिळते.

प्यायला शहाळं, नाहीतर मॉबी. मॉबी झाडाच्या सालीपासून करतात, आधी गोड आणि मागून कडू लागते. बहुतेकांना पहिला घोट आवडत नाही. रम पंचचं जुनं प्रमाण आहे: एक आंबट, दोन गोड, तीन कडक, चार पातळ, म्हणजे लिंबू, साखर, रम आणि पाणी. गोडव्यामुळे रम जाणवत नाही. माउंट गे या रमचा कागदोपत्री इतिहास 1703पर्यंत मागे जातो, तेव्हा तिला हलक्यात घेऊ नका. पंच प्यायल्यावर त्या दिवशी पुन्हा पाण्यात उतरायचं नाही, एवढा नियम करा.

दुपार

जेवणानंतर तीनपर्यंत काही करू नका. खरंच काही नाही. जेट-स्की, बनाना बोट, मसाज, मणी-माळा घेऊन माणसं येतील. हसून 'नो थँक यू, गुड आफ्टरनून' म्हटलं की पुढं जातात. चिडलात तर वाद वाढतो. जेट-स्कीवाले पोहणाऱ्यांच्या फार जवळून जातात, म्हणून मुलं पाण्यात असतील तर एक मोठं माणूस किनाऱ्यावर जागं हवं. पाळीपाळीनं झोपा.

संध्याकाळ

तीन-साडेतीनला दुसरी डुबकी. उन्हाचा जोर ओसरलेला असतो, क्रूझवाले परत गेलेले असतात. सूर्य आता समोरून येतो, त्यामुळे पाण्याखाली सकाळसारखं स्वच्छ दिसत नाही. मास्क ठेवून द्या आणि नुसतं तरंगा. सूर्य ऋतूनुसार साडेपाच ते साडेसहाच्या दरम्यान मावळतो आणि त्यानंतर अंधार झपाट्यानं पडतो. चटई, चपला, चार्जर त्याआधीच गोळा करा. संधिप्रकाशात वाळूतले बारीक किडे आणि डास पाय फोडून काढतात. डेंगी तिकडेही आहे, मलम लावा. सामसूम झालेल्या किनाऱ्यावर रेंगाळू नका.

शुक्रवार असेल तर तिथून थेट ऑइस्टिन्सला चला. कोळ्यांच्या या गावात शुक्रवारी रात्री फिश फ्राय असतो: कोळशावर भाजलेला मार्लिन, टूना, माही-माही, लांबच लांब बाकं, एका बाजूला नाचणारे म्हातारे. उशिरा गेलात तर रांग मोठी लागते, साडेसहा-सातला ताट हातात हवं. ब्रिजटाउनहून दक्षिणेला जाणाऱ्या झेड-आर तिथूनच जातात, फक्त आता 'आउट ऑफ सिटी'चा थांबा पकडायचा.

कागदपत्रं आणि परतीचं

भारतीय पासपोर्टवर पर्यटक म्हणून जायला बार्बाडोसचा व्हिसा आधी काढावा लागत नाही, इमिग्रेशनचा फॉर्म ऑनलाइन भरायचा. अडचण वाटेतल्या देशांची आहे. विमानं लंडन, टोरांटो, न्यूयॉर्क, मायामीहून जातात. अमेरिकेत नुसतं विमान बदलायलाही अमेरिकेचा व्हिसा लागतो, कॅनडा आणि ब्रिटनचे ट्रान्झिटचे नियम तिकीट काढण्याआधी बघा. न्यू जर्सी किंवा टेक्सासहून एच-वन-बी या अमेरिकेच्या नोकरीच्या व्हिसावर जाणाऱ्यांनी पासपोर्टमधल्या व्हिसाच्या स्टँपची तारीख तपासा. ती उलटली असेल तर मेक्सिको-कॅनडाच्या छोट्या फेरीला मिळणारी, जुन्या स्टँपवर अमेरिकेत परतायची सवलत बार्बाडोसला लागू नाही. बीचवरून परत अमेरिकेऐवजी थेट भारतात स्टँपिंगला जायची वेळ येईल. जोडून ट्रिनिडाद करणार असाल आणि तिथून भारतात परतणार असाल तर पिवळ्या तापाच्या लशीचा दाखला जवळ हवा.

उरलेले बेजन डॉलर बेटाबाहेर कुणी बदलून देत नाही. शेवटच्या दिवशी सुपरमार्केटमध्ये संपवा. पिवळ्या पेपर सॉसच्या दोन बाटल्या घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत गुंडाळा आणि चेक-इनच्या बॅगेत टाका. हातातल्या बॅगेत ठेवलीत तर सुरक्षा तपासणीत काढून घेतात.